वाकळेखालची सौभाग्यवती

शहापूर, बेळगाव
३ सप्टेंबर १९७९

वर मायना घालत न्हाय. कुणाला घालायचा तेच कळंना झालंय. लग्न झाल्यापासनं तुमचं नाव तोंडानं घेतलं न्हाय, पाकिटावरचा पत्ता सुदीक दुसऱ्याकडनं लिवून घेत आले. आज मीच लिवते. परशराम. लिवलं. काय आभाळ कोसळलं न्हाय.

तुम्ही मुंबईला लालबागेत सणाच्या साड्या खपवत बसलाय. हिकडं काय झालं ते ऐका. सकाळी मी सोप्यात मागाच्या कांड्या भरत बसलते. शेजारची बाळाबाई बी होती, तिला आपल्या घरचा चहा लागतो. तेवढ्यात नागोजी आला. बसस्टँडसमोर पणजी-मुंबई बोटीची तिकिटं काढून देतो तोच. हातात नारळ, पेढे, आणि तोंडभर हसू.

"अक्का, आता तब्येत कशी हाय?"

म्हटलं, "मला काय धाड भरलीया?"

"न्हाय, बोट लागती न्हवं तुमास्नी. लई सोसलं बगा. दर खेपंला आडव्या पडताय, पर मालकांची पाठ सोडली न्हाय. बोटकंपनीचे साहेब सुदीक म्हणाले, असली निष्ठा बघितली न्हाय."

माझ्या हातातली कांडी खाली पडली. अहो, मी समुद्र बघितलाय तो आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात. सगळ्यात मोठं पाणी बघितलं ते संकेश्वरला, हिरण्यकेशीला पूर आलता तवा. आणि हा बाबा मला सांगतोय मी वर्षानुवर्षं बोटीनं मुंबईला जाते, आणि वाटभर ओकते!

पुढं म्हणाला, औंदा कंपनीनं ठरवलंय, जे उतारू पुन्हापुन्हा येत्यात त्येंचा मान करायचा. पितळी बिल्ला मिळणार. बिल्ला असला की रांगंत उभं ऱ्हायचं न्हाय, सगळ्यांच्या आधी बोटीवर चढायचं. डेकवर धुराच्या तोंडाला न्हाय, चांगल्या वाऱ्याची जागा. आणि पावसाळ्यात बंद असती ती बोट दसरा झाला की पयल्यांदा सुटंल, तिच्यात नवराबायकोला फुकट केबिन, वर सत्कार. बेळगावकडनं दोनच नावं निघाली. श्री. परशराम आणि सौ. अंबूबाई. सौ.ला येगळी शाल.

मी काय म्हणायचं? बाळाबाई पेढा तोंडात तसाच धरून माझ्याकडं बघत होती. मी कवा गेलेच न्हाय म्हणावं, तर मग गेली ती कोण, हे तिनंच पयलं विचारलं असतं, आणि दुपारच्या आत खडेबाजारात जाहीर केलं असतं. म्हणून म्हटलं, "आता बरं हाय."

झालं. आता सगळी गल्ली माझ्यावर रुसलीया. "चोरून मुंबई करून येतीस आणि आमाला एक कंगवा आणला न्हाईस!" चिकोडीच्या वन्संचा बी निरोप आला, की बाईमाणसानं एवढं हिंडू नये.

मला एकच सांगा. ती कोण? मला बोट लागतीया म्हणे, मग ती जी माझ्या नावानं आडवी पडलीया ती कोण? खरं लिवा. न्हायतर माझ्या भावाला, देवाप्पाला बोलवून घेते आणि जांबोटीला त्याच्या घरी जाते ती कायमची. तुमचे माग तुम्ही संभाळा.

(अजून तरी) तुमची
अंबू


शहापूर
१४ सप्टेंबर १९७९

तुमचं कार्ड पोचलं. वा! अर्धं कार्ड मोरपंखी रंगाला गिऱ्हाईक हाय म्हणून, पाव कार्ड पाऊस, आणि शेवटाला बोटभर ओळ: "नागोजीचा कायतरी घोळ झाला असेल, दुसऱ्या कुणाची तरी मंडळी असेल, मनावर घेऊ नये."

मनावर घेऊ नये! बरं, न्हाय घेत. नागोजीला परत चहाला बोलवला, बाळाबाई बाजारला गेलेली बघून. गोडीगुलाबीनं विचारलं, "भाऊजी, मला तर बोटीवर शुद्धच नसती. मी दिसते तरी कशी तिथं?"

त्याला वाटलं मी लाजते. सांगत सुटला. बाई कूस वळवून झोपलेली असती म्हणाला. तोंडावरनं पांघरूण. हिरव्या लुगड्याचा काठ तेवढा बाहीर. कुणाशी शब्द न्हाय. मालवणच्या एका बाईनं पेज धाडली तर हात लावला न्हाय, मालकांनीच खाल्ली. आणि उतारू लई मायाळू, बाईला बोट लागलीया कळलं की जो तो लिंबं धाडतो. मालक सगळी लिंबं पिशवीत जपून ठेवत्यात, बाईला लागतील म्हणून.

लिंबं! अहो, दर खेपंला मुंबईहून पिशवीभर लिंबं आणत होता. मी म्हणायची, आमचा माणूस लई संसारी, मुंबईसनं लिंबं आणतोय. त्येंचं लोणचं घालून मी सगळ्या गल्लीला वाटलं. ती लिंबं तिची व्हय? तिच्या वांतीवरची लिंबं मी खारवत बसले वर्सानुवर्सं?

आणि पुढं ऐका. पायाशी काय असतं? लाल पट्ट्याच्या चपला. त्या माझ्या! "कुत्र्यानं नेल्या" असं तुम्हीच सांगिटलं होतं, आणि मी त्या कुत्र्याला दगड मारला होता. बिचारं अजून आपल्या दारावरनं जाताना पळत जातं.

हेबी सोडलं असतं. पण अंगावर वाकळ कसली, विचारलं. निळे आणि विटकरी चौकडे, कडंला पिवळी टिप. ती वाकळ माझ्या आईच्या लुगड्यांची हाय. आई गेल्यावर मी तिची लुगडी फाडून शिवली ती. थंडी वाजती म्हणून तुमच्यासंगट बांधून देत होते. त्या वाकळंत तुम्ही दुसरी बाई निजवली?

रडले. खोटं कशाला सांगू. माग बंद ठेवला आणि दुपारभर रडले. बाळाबाई आली तर तिला सांगिटलं डोळ्यात काजळ गेलं.

देवाप्पाला बोलवलाय. उद्याच्या गाडीनं जाते. पुढचं पत्र धाडणार असाल तर जांबोटीला धाडा, आणि त्यात रंगाचा भाव घालू नका.

अंबू


जांबोटी
२४ सप्टेंबर १९७९

तुमचं जाडजूड पत्र पोचलं. गाडी बंद होती, टपालवाला चिखलातनं चालत आला आणि म्हणाला, "अक्का, ह्यात काय दगड भरल्यात काय?" देवाप्पानं चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचलं, कारण मी म्हटलं माझ्यानं वाचवत न्हाय.

तुम्ही लिवलंय ते मी परत मांडते, म्हंजे माझी काय चूक होत असंल तर कळवा. डेकवरल्या उतारूला एका चटईची जागा. ज्यानं चटई टाकली त्याची ती जागा. विकायचा माल वर चालत न्हाय, गठ्ठा खाली कोठारात टाकायचा. तिथं हमाल आकडी खुपसून ओढत्यात, खारं पाणी झिरपतं. एका खेपंला अख्खा गठ्ठा डागाळून निघाला. तवा तुम्ही डोकं चालवलं. माझ्या नावानं दुसरं तिकीट काढलं. गठ्ठा अंथरूण म्हणून खांद्यावरनं वर नेला. दारात तिकीटवाल्यानं विचारलं तर "मंडळी पुढं गेल्या." शेजारी दुसरी चटई टाकून गठ्ठा आडवा केला, वर वाकळ, काठ जरासा बाहीर, पायाशी चपला. कुणी चौकशी केली तर, "मंडळी झोपल्यात, बोट लागलीया."

म्हंजे माझी सवत ही साड्यांचा गठ्ठा!

देवाप्पा हसून हसून खोकायला लागला. मी म्हटलं, गप रं, हे सगळं रचलेलं हाय, माणूस आणि गठ्ठा कळत न्हाय व्हय लोकास्नी? तर देवाप्पा उठला. भाताचं पोतं सोप्यात आडवं टाकलं, वर घोंगडं, वहिनीच्या लुगड्याचा काठ बाहीर काढला, पायाशी चप्पल. तेवढ्यात शेजारचा ज्योतिबामामा तंबाखू मागायला आला. पोत्याकडं बघून मान हलवली, आणि हळूच म्हणाला, "अंबू निजली व्हय? झोपू द्या. लई वाईट झालं पोरीचं." मी त्याच्या मागं दारात उभी होते!

मग मात्र मला बी हसू आलं. पदर तोंडात कोंबून हसले. म्हटलं, न्हाय, ह्यो माणूस खोटारडा हाय पण बाईलवेडा न्हाय.

पण थांबा, एवढ्यात खूश होऊ नका. हसू सरलं आणि राग आला, पयल्यापेक्षा जास्त. सवत असती तर झिंज्या धरल्या असत्या. गठ्ठ्याचं काय धरू? लग्नानंतर मी एकदा म्हटलं होतं, मला एक डाव बोटीनं न्या, मला समुद्र बघायचाय. तुम्ही म्हणालात, "बायकास्नी बोट लागती." मी ते खरं धरलं आणि परत कवा तोंड उघडलं न्हाय. साड्या माझ्या हातच्या, कांड्या मी भरल्या, काठाचं रेशीम मी उकललं. त्या साड्या समुद्रावरनं वाऱ्यात झोपून मुंबईला गेल्या, लोकांनी त्येंची तब्येत विचारली, त्येंना पेज धाडली. मला कोण विचारलं? तिकीट माझ्या नावाचं होतं हो! तुम्ही पैसे भरून माझी जागा घेतली होती, आणि तिथं मी सोडून बाकी सगळं न्हेलं.

आणि आता तुम्ही लिवताय, "झालं गेलं विसरून सत्काराला ये, न्हायतर कंपनीला संशय येईल, माल चढवल्याचं उघडकीला आलं तर मला बोटीवर पाय ठेवू देणार न्हाईत, धंदा बसंल. तू फक्त येऊन आडवी पडून ऱ्हा. बोलू नकोस. शाल घ्यायला उठवलं तर कण्ह."

म्हंजे आता मी येऊन गठ्ठ्याचं काम करायचं. व्हय?

विचार करून कळवते. वहिनी म्हणती जाऊ नको. देवाप्पा म्हणतो जा, आणि त्याला बी न्हे. भात निसवायला लागलंय, राखणीला माणूस लागतो म्हणून तो येऊ शकत न्हाय, न्हायतर खरंच आला असता.

अंबू


जांबोटी
३ ऑक्टोबर १९७९

कार्डावर जागा कमी म्हणून थोडक्यात. येते. नागोजी पणजीपातूर संगट हाय. तुम्ही मुंबईहून यष्टीनं पणजीला या आणि धक्क्यावर उभं ऱ्हावा.

मी आडवी पडणार न्हाय. कण्हणार न्हाय. विचारलं तर बोलणार. काय बोलीन ते माझं मला अजून ठाऊक न्हाय. तुम्ही त्या काळजीत चार दिवस काढा, मी लई दिवस काढलेत.

वाकळ आणि लाल चपला घेऊन या. चपला मी घालणार हाय.

अंबू


लालबाग, मुंबई
१९ जानेवारी १९८०

ती. स्वरूप यांस,

बघा, मायना घातला. ह्या खेपंला माल घेऊन मी एकटी आणि घरी मागावर तुम्ही; तर मी सुखरूप पोचले. गठ्ठा कोरडा. मोरपंखी लगेच गेल्या, डाळिंबी उद्या जातील. डाव्या मागाची दोरी सैल झालीया, ती ताणून घ्या. जेवणाचं बाळाबाईला सांगून आलेय, तिच्या हातची आमटी तिखट असती, तक्रार करू नका.

निघायच्या दिवशी तुम्ही परत तेच विचारलं, सत्काराला तू नेमकं काय बोललीस. मी म्हटलं पत्रात लिवीन. तोंडावर सांगिटलं असतं तर तुम्ही मधी मधी "व्हय का, बरं का" करत बसला असता. आता ऐका.

फुकट केबिन तुम्हाला बाधली. जन्मभर वर डेकवर मोकळ्या वाऱ्यात बसलेला माणूस, खाली त्या बंद खोलीत गेला आणि पणजीच्या तोंडावरचा आग्वादचा दिवा मागं पडायच्या आत पांढराफटक. मी म्हटलं वर चला. तुम्ही म्हणाला, "बोलू नकोस, हलू नकोस." मग मीच तुम्हाला कुशीवर वळवलं, आईची वाकळ अंगावर घातली आणि एकटी वर गेले.

वर गेले आणि समुद्र बघितला. काय सांगू तुम्हाला. एवढं पाणी, आणि कुणाचंच न्हाय. मी कठड्याला धरून उभी ऱ्हायले आणि रडले. मागनं एक बाई म्हणाली, "अगो, परत लागली काय गो?" तीच ती मालवणची, पेज धाडणारी. तिनं चपला वळखल्या! लगेच कमरेचं लिंबू काढलं. म्हटलं, "न्हाय अक्का, आज मी ठणठणीत हाय." तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "एवढ्या वर्सानी तुझा तोंड बघूक गावला." मला कसंतरीच झालं.

मग सगळे गोळा झाले. चहावाला आला, तो म्हणतो, "वहिनी, तुम्हाला उभं बघून बरं वाटलं." तिकीटवाला आला. ज्यानं त्यानं माझी चौकशी केली. अहो, ती माणसं खरोखर माझी काळजी करत होती. मला ठाऊक सुदीक नव्हतं की जगात एवढी माणसं माझ्या जिवाला जपतायत. खोटं तुमचं होतं, पण त्येंची माया काय खोटी नव्हती. तिथंच मी ठरवलं की गठ्ठ्याचं बोलायचं न्हाय. तुमच्यासाठी न्हाय हां. त्येंच्यासाठी.

साहेबांनी शाल घातली, बिल्ला लावला आणि विचारलं, "तुमचे यजमान कुठं आहेत?"

म्हटलं, "खाली वाकळंखाली. त्येंना बोट लागलीया."

अख्खा डेक हसला. साहेब म्हणाले, "दोन शब्द बोला." म्हटलं, "तुम्ही इतकी वर्सं माझ्यासाठी लिंबं धाडली. मला ती खाता आली न्हाईत. पण मी वाया घालवली न्हाईत." आणि पिशवीतनं बरणी काढली. तुम्हाला वाटलं मी ती बरणी तुम्ही जेवता त्या लालबागच्या खानावळीसाठी न्हेत होते. न्हाय. ते त्येंच्याच लिंबांचं लोणचं. मालवणच्या बाईपासनं साहेबांपातूर एकेक फोड सगळ्यांच्या हातावर घातली. साहेबांनी तर बोटं चाटली. म्हणाले, बिल्ला तुमचा, बरणी मात्र आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. वर इंग्रजीत बी कायतरी म्हणाले, ते मला कळलं न्हाय, पण चांगलंच बोलले असणार.

एवढंच बोलले मी. आता झोप लागंल न्हवं?

तो चहावाला तुमच्यासाठी खाली आल्याचा चहा घेऊन गेला. परत येऊन म्हणाला, "मालक काय बोलत न्हाईत, नुसता वाकळंचा काठ दिसतोय." त्यावर मी इतकी हसले की शालीचा पदर समुद्रात जायला आला.

आता ह्या खेपंचं सांगते. धक्क्यावर ही गर्दी! मी छातीवर बिल्ला लावला आणि रांग सोडून सरळ पुढं गेले. पोलीस म्हणाला, "ओ बाई!" मी बिल्ला पुढं केला. तो बाजूला झाला. अहो, आजपातूर माझ्यासाठी कोण बाजूला झालं न्हाय, घरात माग हलवला तरी तुम्ही म्हणता जरा पलीकडं हो. त्या बिल्ल्याचं पितळ झिजलं तरी मी तो काढणार न्हाय.

चांगल्या वाऱ्याची जागा धरली. एक चटई माझी, एक गठ्ठ्याची. तिकिटं नागोजीकडनं दोन काढली होती, दुसरं तुमच्या नावाचं. गठ्ठ्यावर तुमचा जुना कोट घातला, डोक्याच्या जागी तुमची काळी टोपी, पायाशी तुमच्या त्या करकरणाऱ्या वहाणा. वहाणा कुत्र्यानं न्हेल्या न्हाईत, हुडकू नका.

रत्नागिरीच्या पुढं एक बाई विचारायला लागली, "यजमान झोपलेत वाटतं?" म्हटलं, "व्हय. त्येंना बोट लागती. पण माझी पाठ सोडत न्हाईत." तिनं दोन लिंबं दिली.

तर आता तुम्ही ठरवा. पुढच्या खेपंला पण दोनच तिकिटं काढणार हाय. दुसऱ्या चटईवर तुम्ही येऊन झोपायचं असंल तर गठ्ठा मी उशाला घेते, बिल्लेवालीला आता कोण हटकत न्हाय. खाली केबिनमधी जायचं न्हाय, वर माझ्याशेजारी वाऱ्यात बसायचं. समुद्र दाखवीन तुम्हाला. तुम्ही जन्मभर त्याच्यावरनं गेला, पण तुमचं सगळं लक्ष गठ्ठ्याकडं होतं.

यायचं नसंल तरी रागवत न्हाय. टोपी हाय माझ्याकडं.

लिंबं घेऊन येते. मीठ आणून ठेवा, आणि त्या कुत्र्याला रोज भाकरी घाला.

तुमची
सौ. अंबूबाई